दार आठपर्यंत उघडं राहील

मंगळवार, ३

सोबती येतोय. पंधरा तारखेला, रविवारी, मोठ्या दारासमोरच्या चौकात त्याची सभा आहे आणि माइकचं काम माझ्याकडे आलं आहे. मी मागायला गेलो नव्हतो. सभेचा व्यवस्थापक बगलेत फाइल मारून स्वतः दुकानात आला आणि म्हणाला, "या शहरात तुमच्याइतका जुना माइकवाला दुसरा नाही." मी म्हणालो, "करू की." चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तो गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं आणि खुर्चीत बसून एकटाच हसलो. अकरा वर्षं ज्याच्यावर डूख धरून बसलो तो आपल्या पायांनी चालत येतोय, आणि त्या दिवशी त्याचा आवाज वर न्यायचा की खाली, हे माझी बोटं ठरवणार आहेत.

सोबती हे नाव मी ठेवलं. कुठे काही जळलं, पडलं, तुटलं की हा तिथे जातो, छातीवर हात ठेवून "मी तुमच्यासोबत आहे" म्हणतो आणि जेवणाच्या वेळेला आपल्या घरी. तेव्हा नुसता मंत्री होता, आता सगळ्यांच्या वर बसला आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा माणसांचं कधी काही अडत नाही.

हे लिहून ठेवतो आहे, कारण उद्या मला धरून नेलं तर का केलं ते कुठेतरी नीट लिहिलेलं असावं. अकरा वर्षांपूर्वी भिंत होती, पण मोठं दार रोज सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत उघडं असायचं. कागद दाखवायचा आणि जायचं-यायचं. ताई पलीकडे, दाजींच्या घरी. दार कायमचं बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली म्हणून त्या रविवारी दुपारी ती नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन अलीकडे आली. पोरीला माझ्याकडे सोडायचं, लगेच परत जायचं आणि दाजींना व त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला घेऊन संध्याकाळच्या आत यायचं, असा बेत होता. चौकात सोबत्याची सभा होती, माइक माझा होता. तो मंचावरून म्हणाला, घाई करू नका, दार आठपर्यंत उघडं राहील. ताई थांबली. पाच वाजता निघाली. साडेपाचला पलीकडच्या शिपायांनी दार लावलं ते लावलंच.

सहा वर्षांनी ताई तिकडेच गेली. मूत्रपिंडं निकामी झाली म्हणे. कळवणारं पत्र एकोणीस दिवसांनी हातात पडलं. तिची पोर माझ्या घरात वाढली, आता वीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात काचा घासते.

त्याला माहीत होतं. मंत्र्याला माहीत नाही तर कुणाला माहीत असणार? आणि ते त्याचं वाक्य माझ्याकडे आहे. प्रत्येक सभा मी मिक्सरमधून कॅसेटवर भरून ठेवतो, माझी जुनी खोड. रविवारी तो छातीवर हात ठेवेल, त्याचं ठरलेलं वाक्य बोलेल, आणि मी त्याचा माइक बंद करून त्याचाच अकरा वर्षांपूर्वीचा आवाज सोडीन. अलीकडच्यांना ऐकू जाईल, भिंतीपलीकडच्यांना ऐकू जाईल. काट्याने काटा.


बुधवार, ४

गोदामात दिवसभर डबे उपसले. एकवीस डबे, प्रत्येकात साठेक कॅसेटी. लग्नं, बारशी, सभा, शाळांची गॅदरिंगं, एका डब्यात नुसते लिलाव. ती सापडली नाही. धूळ खाऊन घशाची वाट लागली.

हिला बेत सांगितला. न सांगून चालणार नव्हतं, मला उचलून नेलं तर हिलाच धावाधाव करावी लागणार. भांडी पुसत होती ती पुसतच राहिली. मग म्हणाली, "अकरा वर्षांत एकदा तरी ऐकलीत का ती कॅसेट?"

"ऐकायची काय गरज? पाठ आहे मला."

"पाठ आहे ना, मग एकदा ऐकाच."

"तुला काय कळतं माइकमधलं?"

"माइकमधलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं," म्हणाली आणि ताटल्या फळीवर लावायला लागली. बायकांचं हे असं. नवऱ्याने पराक्रम करायचा म्हटला की आधी शंका.


शुक्रवार, ६

भाची कामावरून धावत आली. इतकी वर्षं या घरात आहे, तिला जिना धावत चढताना मी पहिल्यांदा ऐकलं. सोबत्याच्या येण्यानिमित्त पलीकडचे लोक दार एक दिवस उघडणार आहेत. चाळीस माणसांना भेटपास. ज्यांचे आई-बाप, मुलं, नवरा-बायको पलीकडे आहेत त्यांनाच. अठरा तारीख, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. यादीत तिचं नाव आहे, सत्ताविसावं.

"बाबा आता कसे दिसत असतील, मामा?" म्हणाली. "पत्रात ते सगळं लिहितात, स्वतःबद्दल काही लिहीत नाहीत."

मामीने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळत होता. भाचीने तिच्या हातातला छापील कागद वाचून दाखवला, त्यात खाली लिहिलं होतं की सभा शांततेत पार पडली तरच पास मिळतील.

ठरवून केल्यासारखं आहे सगळं. एका हाताने तोंडात साखर घालायची आणि दुसऱ्याने ओठ शिवायचे. त्या चाळीस पासांनी सोबत्याने चाळीस घरांची तोंडं बंद केली. माझं होणार नाही. अकरा तासांच्या भेटीसाठी अकरा वर्षांचा हिशेब सोडायचा? पोरीला वाईट वाटेल. पुढे तिची मुलं विचारतील तेव्हा ती सांगेल की माझ्या मामाने आईचं उट्टं काढलं.

असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तितकं जमलं नाही.


शनिवार, ७

सापडली. लिलावांच्या डब्यात होती, कुणी ठेवली देव जाणे. माझ्याच अक्षरात: चौक, मोठं दार, रविवार. पण ओल लागून फीत चिकटलेली. प्लेअरमध्ये घातली तर एक फेरा घेऊन थांबली. जोर केला असता तर तुटली असती. एवढ्यावर येऊन घाई करायची नाही. फीत हळूहळू सुटी करून कॅसेटच्या नव्या खोक्यात घालायला लागेल, दोन-तीन दिवसांचं काम आहे.


सोमवार, ९

व्यवस्थापकासोबत चौकात गेलो. मंच दाराकडे तोंड करून. खांबांवर बारा कर्णे, त्यातले सहा भिंतीपलीकडे वळवायचे. पलीकडच्या गच्च्यांवरून लोक ऐकतील असा अंदाज आहे. कर्णे पलीकडे वळवायला शिपाई परवानगी देणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण वरून हुकूम आला आहे. म्हणजे माझ्या कॅसेटची सोयसुद्धा सरकारी खर्चाने.

व्यवस्थापक माणूस वाईट नाही, घाबरट आहे. दर पाच मिनिटांनी फाइल उघडून बघतो, जणू आतले कागद पळून जातील. मला म्हणाला, "साहेबांना उशीर होऊ शकतो. लोक बसून राहतील ना?"

मी म्हणालो, "ते माझ्यावर सोडा. गर्दी धरून ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही."

खरंच आहे ते. माझा उस्ताद म्हणायचा, माइक मोकळा पडला की माणूस उठतो. म्हणून वक्ता येईपर्यंत आपण बोलायचं. हरवलेली मुलं, सापडलेल्या छत्र्या, वाटेत लावलेल्या गाड्या, काही नसेल तर थट्टामस्करी. मी एका सभेत दोन तास वीस मिनिटं लोक धरून ठेवलेत, आणि एकही उठला नाही. नेत्यांना वाटतं लोक त्यांच्यासाठी बसतात.

तिसरा खांब अजून तोच आहे, जुना लोखंडी. त्याच्याकडे पाहिलं नाही. काम केलं आणि परत आलो.


बुधवार, ११

फीत नव्या खोक्यात बसवली. पाच बारीक स्क्रू, त्यातला एक जमिनीवर पडला आणि मी आणि भाची गुडघ्यांवर रांगत शोधत होतो. तिलाच सापडला. काचांच्या कामाने नजर चांगली झाली आहे. मग तिने विचारलं, एवढं काय आहे या कॅसेटमध्ये. मी सांगून टाकलं. सगळं.

ती खूप वेळ स्क्रू बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "मामा, मला बाबांना भेटायचंय."

"भेटशील गं. आज ना उद्या दार उघडेलच."

"अकरा वर्षांत उघडलं नाही."

मी चिडलो. म्हणालो, "तुझ्या आईला ज्याने अडकवलं त्याच्या हातून पास घेशील? लाज नाही वाटणार?" हे बोलायला नको होतं. तिचे डोळे भरले, पण रडली नाही. ताईसारखीच, रडायचं ते मोरीत जाऊन.

थोड्या वेळाने म्हणाली, "लहानपणापासून तू मला हेच सांगत आलायस. तो असं म्हणाला म्हणून आई राहिली. मला एकदा ऐकव. तो कसा म्हणाला ते मला ऐकायचंय. मग तू म्हणशील तसं."

बरोबर आहे तिचं. ऐकलं की तिचंही रक्त उसळेल. उद्या तिला सुट्टी आहे.


गुरुवार, १२

आज जे ऐकलं ते क्रमाने लिहितो.

दुपारी जेवणं झाल्यावर छोटा प्लेअर टेबलावर ठेवला. ही दाराशी उभी, भाची माझ्यासमोर. चालू केलं. आधी खरखर, मग मी, "हॅलो, हॅलो." अकरा वर्षांपूर्वीचा माझा आवाज ऐकून भाची थोडी हसली. मीही हसलो. किती टणक आवाज होता. मग छत्री सापडल्याची घोषणा, मग निळ्या सदऱ्यातला मुलगा, ज्याला विचारलं तर तो आपलं नाव 'बाळ' सांगतो. लोक हसताहेत. मी म्हणालो, "पुढे आहे त्याचं भाषण. पुढे ढकलू?" ती म्हणाली, "नको, चालू दे."

मग माइकपासून लांब कुणीतरी बोललं, पण स्वच्छ भरलं गेलंय: "अरे, माणसं दाराकडे निघालीत. साहेब अजून अर्धा तास नाहीत. धर त्यांना." आणि मग मी.

जसं आहे तसं लिहितो. "मंडळी, कुठे निघालात? दार काय पळून जातंय का? रोज आठपर्यंत असतं, आजही आठपर्यंत उघडं राहील. घाई करू नका, बसा निवांत." लोक हसले. आणि मग, "आमची ताईपण निघाली बघा, तिसऱ्या खांबाखाली, हिरवी पिशवी घेऊन. ताई, बस गं खाली, मागच्यांना दिसत नाही." लोक आणखी मोठ्याने हसले.

त्यानंतर बावीस मिनिटं सोबत्याचं भाषण. त्यात तो सोबत आहे, पाठीशी आहे, रक्ताच्या नात्यात भिंत येत नाही. दाराबद्दल एक अक्षर नाही. मी पुन्हा लावली. पुन्हा एकदा लावली. दुसरी बाजू लावली, ती कोरी होती.

ही आत निघून गेली. भाची टेबलाच्या कडेवर नख ओढत होती. म्हणाली, "मला आठवतं, सगळे लोक हसले होते. का हसले ते इतकी वर्षं आठवत नव्हतं." मग म्हणाली, "आईपण हसली होती. हसत खाली बसली."

उठली, कप गोळा केले, धुतले, पालथे घातले. मला पाणी आणून दिलं.


शुक्रवार, १३

तो आवाज माझा नाही. ओलीने फीत आखडते, आवाज बदलतो, सगळ्यांना माहीत आहे. नाहीतर कुणीतरी दोन सभा एकीवर भरल्या असतील.

गोदामात जाऊन त्या वर्षीच्या दुसऱ्या कॅसेटी लावून पाहिल्या. आवाज माझाच आहे.


शनिवार, १४

रात्रभर विचार करून आता डोकं जागेवर आलं आहे. मी का बोललो? तो उशिरा आला म्हणून. तो चार वाजता आला असता तर मला गर्दी धरावी लागली नसती, ताई साडेचारला उठून गेली असती आणि पाचपर्यंत सगळ्यांना घेऊन परत आली असती. मी तर हुकमाचा ताबेदार. धर म्हणाले, धरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?

हिला हे सगळं समजावून सांगितलं. हिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ते उद्या माइकवर सांगा."

"तू त्याच्या बाजूची आहेस का?"

"मी कुणाच्याच बाजूची नाही. अकरा वर्षं मी त्या पोरीच्या वेण्या घातल्यात आणि रोज तुमच्या तोंडून त्या माणसाला शिव्या ऐकल्यात. मला तेव्हाच माहीत होतं. मी दुसऱ्या खांबापाशी होते."

मी विचारलं, मग आजवर का नाही बोललीस. म्हणाली, "तुम्ही मोडून पडला असतात. आणि त्या वेळी घरात एक लहान पोर होतं." एवढं बोलून दूध तापवायला गेली.

राग मात्र गेलेला नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं. कॅसेट लावायची नाही, पण माइक बंद करता येतो. तो छातीवर हात ठेवेल तेव्हा बटण दाबायचं. चाळीस हजार माणसांसमोर त्याने मुक्याने तोंड हलवत उभं राहावं. एवढं तरी मला मिळालंच पाहिजे. मग पास गेले तर गेले.

कॅसेट पुसून टाकायला घेतली होती. पुसताना मात्र पुन्हा एकदा पूर्ण ऐकावी लागेल असं वाटलं आणि ठेवून दिली. सभा झाली की पुसतो.

भाची आज नेहमीसारखी वागली. माझ्या शर्टाचं बटण निघालं होतं ते लावून दिलं. दात ठेवणारी नाही ती. पोरीचं मन मोठं आहे.


रविवार, १५

सकाळी सातपासून चौकात. लोक दहापासून यायला लागले. पलीकडच्या गच्च्या भरलेल्या, खिडक्यांत माणसं, एका धुराड्यालाही दोघं टेकून उभे. एवढी माणसं पलीकडे राहतात हे भिंतीमुळे विसरायला झालं होतं.

सोबती बाराला येणार होता. साडेबारा झाले, एक झाला. मागच्या बाजूने माणसं हलायला लागली. व्यवस्थापक फाइल छातीशी धरून माझ्याकडे धावत आला. "बोला ना काहीतरी. लोक चाललेत."

माइक माझ्या हातात होता. चालू होता, दिवा लागलेला. माझं तोंड उघडलं नाही. "घसा बसलाय," असं खुणेने दाखवलं. तो म्हणाला, "नुसतं हॅलो तरी म्हणा." मी माइक त्याच्या हातात दिला. त्याने दोनदा फुंकर मारली, नमस्कार म्हणाला, पुढे काय बोलावं ते त्याला सुचेना. चाळीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा माझा माइक मोकळा पडला. शेकडो लोक उठून गेले. मला वाटलं, जा बाबांनो, उठा, ज्याला जिथे जायचंय तिथे जा.

दीड वाजता सोबती आला. जवळून पाहिला तर म्हातारा झालाय. मानेवर कातडी लोंबते, जिना चढताना त्याने कठड्याला घट्ट धरलं. मला त्याची कीव आली नाही. बोटं बटणावर ठेवून तयार बसलो.

तो पलीकडच्यांशी बोलला. म्हणाला की आजपासून तो स्वतःला या शहराचा रहिवासी समजतो, दोन्ही बाजूंचा. म्हणाला, ज्या आईचं मूल भिंतीपलीकडे आहे तिच्यासोबत मी जागा आहे. मग छातीवर हात गेला. माझं बोट खाली दाबलं जाणार तेवढ्यात मला भाची दिसली. तिसऱ्या खांबाला पाठ लावून उभी होती. सगळा चौक मंचाकडे बघत होता आणि ती एकटी माझ्याकडे. रागाने नाही, विनवणीनेही नाही. दुकानात काच घासून झाली की उजेडासमोर धरून चरे शोधतात, तशी बघत होती.

बोट उचललं. वाक्य पुरं झालं. पलीकडच्या गच्च्यांवरून रुमाल हलले, आधी चार-दोन, मग सगळेच. लोक रडत होते, अलीकडचेही, पलीकडचेही. बाराही कर्णे स्वच्छ वाजले, एकदाही शिट्टी आली नाही.

उतरताना सोबत्याने माझ्याशी हात मिळवला. म्हणाला, "आवाज छान होता तुमचा." हात गरम होता, साधा माणसाचा हात. घरी आल्यावर साबणाने धुतला.

माझं उट्टं राहून गेलं. पण पोरीच्या पासासाठी मी ते सोडलं, हे कुणीतरी ध्यानात ठेवावं. मी तिला तसं सांगितलंही. "तुझ्यासाठी सोडलं," म्हणालो. ती म्हणाली, "हो, मामा."


मंगळवार, १७

पास आला. पिवळा कागद, त्यावर फोटो, दोन शिक्के. घरात लग्नघरासारखी गडबड. हिने दाजींसाठी लोकरीचा स्वेटर विणला आहे, मापाचा अंदाज जुना. मी दाजींना चिठ्ठी लिहायला बसलो. "दाजी, तुमची मुलगी आम्ही जपली" एवढं लिहिलं आणि पुढे सुचेना. फाडली. तोंडीच निरोप सांग म्हटलं. भाचीने विचारलं, "काय सांगू?" मी म्हणालो, "सांग की मामा आठवण काढतो." तिने मान हलवली.

ती आज हिच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ पडून होती. आता वीस वर्षांची घोडी झाली, म्हणून मी थट्टा केली. दोघींपैकी कुणी हसलं नाही.


बुधवार, १८

सकाळी सहालाच दाराशी नेऊन सोडली. निघताना म्हणाली, "मामा, छोटा प्लेअर नेऊ? बाबांना ऐकवीन काहीतरी. सेल आहेत का चांगले?" मला बरं वाटलं. दाजींना गाण्यांचा शौक होताच. नवे सेल मी स्वतःच्या हाताने घालून दिले, चालू करून पाहिला, झाकण नीट बसतं का तेही पाहिलं. तिने वाकून नमस्कार केला. एका दिवसासाठी कसला नमस्कार, असं मी म्हणालो सुद्धा.

सात वाजता दार उघडलं. माणूस जेमतेम जाईल एवढंच. चाळीस जण एकामागे एक आत गेले. ती मागे वळली नाही. उत्सुक होती, साहजिक आहे.

दिवसभर दुकानात कशात लक्ष नव्हतं. चारलाच जाऊन दाराशी उभा राहिलो. पाचनंतर लोक परतायला लागले, कुणी रडत, कुणी हातात गाठोडं. शिपाई मोजत होता. पावणेसहाला अडतीस झाले. सहाला पाच कमी असताना आमच्या कोपऱ्यावरची बेकरीवाली आली. तिची आई आणि आमचे दाजी पलीकडे एकाच गल्लीत राहतात. आली आणि माझ्यासमोर थांबली.

"ती नाही येत," म्हणाली.

"म्हणजे? पाच मिनिटं आहेत."

"माहीत आहे तिला. मला दारापर्यंत सोडायला आली होती. मी ओढली हाताला धरून. म्हणाली, तुम्ही जा, मी बाबांजवळ राहते. आता आलं नाही तर परत कधीच येता येणार नाही हे पण सांगितलं तिला मी. म्हणाली, ठाऊक आहे."

"माझ्यासाठी काही निरोप?"

"मामीला सांगा, स्वेटर अगदी बरोबर बसला, म्हणाली."

"आणि मला?"

बेकरीवालीने पदराने तोंड पुसलं. "तुम्हाला काही नाही."

शिपायाने एकोणचाळीस म्हणून वहीत लिहिलं आणि दार लावलं. व्यवस्थापक फाइल उघडून माझ्यावर ओरडत होता, पुढचे पास आता बंद होतील, तुमच्या एका पोरीमुळे. वाटेत स्वतःची समजूत घालत आलो की बापाची माया असते, एकटा म्हातारा पाहिला असेल, पाय निघाला नसेल. घरी येऊन हिला हेच सांगितलं. ही रडली, पण दचकली नाही. कालच कळलं होतं का, असं मी विचारलं. म्हणाली, "मला कुणी काही सांगितलं नाही. मांडीवर डोकं ठेवलं होतं तिने."

मग वाटलं, ती कॅसेट पुसायची राहिली आहे, निदान तेवढं काम उरकावं. टेबलाचा खण उघडला. नव्या खोक्याची रिकामी डबी होती, झाकण नीट लावलेलं. आत काही नव्हतं. पूर्ण खण उपसला, मग खालचा, मग कपाट. ही दाराशी उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, पुरे. बसा."

बसलो. आता सव्वासात झाले आहेत. जेवणं उरकून ते बसले असतील. आधी छत्री, मग निळ्या सदऱ्यातला मुलगा. आतापर्यंत तिथवर आले असतील. ती मध्ये काही बोलणार नाही, पुढे ढकलूही देणार नाही. दाजींना सांगावं लागणार नाही कोण बोलतंय ते. त्यांच्या लग्नात माइकवर मीच होतो.